ठेवायची की परत?

कापसाच्या हंगामात रेकॉर्ड वाजवायची म्हणजे घडोघडी सुईची दाढी करावी लागते. ज्यानं हे केलेलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. आमच्या अमरावतीच्या वस्तीला लागूनच कापसाचं जीन आहे. दिवाळी उलटली की त्याचे पट्टे फिरायला लागतात, सरकी एकीकडे आणि रुई एकीकडे पडायला लागते, आणि जी रुई कुणाच्याच गठाणीत जात नाही ती आमच्या वाट्याला येते. केसांत बसते, भाकरीवर बसते, दोरीवरच्या ओल्या लुगड्यांना मिशा फुटतात. फोनोवर तबकडी फिरत असली की हे तंतू सुईच्या टोकाशी जमा होतात. गाणारा सुरुवातीला खणखणीत असतो, मग त्याला पडसं होतं, मग तो घोंगडी पांघरून गायला लागतो. अशा वेळी सुई उचलायची, टोकावरचा पुंजका चिमटीनं काढायचा, फुंकर मारायची आणि सुई पुन्हा ठेवायची. मालकाला गठाणीचे पैसे मिळतात आणि आम्हाला खोकला मिळतो, हे मी पत्रकात लिहिलेलं आहे आणि पुन्हा लिहीन. पण त्या पुंजक्याचा मला राग येत नाही, हेही खरं आहे.

परवा नळाच्या मागणीचा अर्ज टाइप करत होते. इंग्रजी 'ओ'च्या पोटात रुई भरली आणि कागदावर गोलाऐवजी काळे ठिपके उमटू लागले. टाचणीनं अक्षर साफ करायला थांबले, आणि दोन वर्षांपूर्वीचा हंगाम समोर येऊन बसला. अर्ज तसाच राहिला. नळ इतकी वर्षं आला नाही, आणखी एक दुपार थांबेल.

अमरावतीत रेकॉर्डी जमवणारी मोठी माणसं आहेत. एका वकिलाच्या घरी मी सही आणायला गेले होते, तेव्हा त्यांचं कपाट पाहिलं. काचेचं, कुलपाचं. पुस्तकं उभी असतात तशा रेकॉर्डी उभ्या. वकीलसाहेबांनी एक काढून दाखवली, तिची पाठ दाखवली, पोट दाखवलं, आणि परत ठेवली. मी विचारलं, "वाजवत नाही?" ते म्हणाले, "झिजते." मी सही घेतली आणि आले. रस्ताभर डोकं तापलं होतं. झिजू नये म्हणून न वाजवलेली रेकॉर्ड आणि विटाळू नये म्हणून झाकून ठेवलेली विहीर यांत मला काही फरक दिसत नाही. कुणी मला कडवट म्हणेल. म्हणू दे.

आमचा संग्रह एका लोखंडी पेटीत मावत होता. त्याची सुरुवात मजेशीर आहे. वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष संपतकाका. ते जिनाच्या प्रेसवर गठाणी बांधायला होते. मान बैलासारखी, आवाज त्याहून मोठा. हॉटेल बंद करून गावी निघालेल्या एका ओळखीच्या माणसानं त्यांना चावीचा फोनो आणि पेटीभर रेकॉर्डी देऊन टाकल्या. काकांनी पेटी मंडळाच्या खोलीत आणून उघडली, तर निम्म्या रेकॉर्डी देवांच्या! आम्ही धम्म घेतला तेव्हाच घरातले देव वाटेला लावलेले. आता ते गाण्यातून परत आले होते. तरुण पोरं भडकली. माझा मोठा भाऊ उत्तमदादा सगळ्यांत पुढे. म्हणाला, "फोडून टाका."

संपतकाका म्हणाले, "फोडाले काय लागते बे? येक गोटा. जमवाले काय लागते ते सांग."

वाद संपेना. शेवटी काकांनी हात वर करायला लावले. ठरलं असं की फोडायच्या नाहीत आणि ठेवायच्याही नाहीत. अकोल्याला नेऊन बदलून आणायच्या. त्या दिवसापासून मंडळाचा नियमच झाला. पेटीत येणारी प्रत्येक रेकॉर्ड आधी सगळ्यांनी ऐकायची, ज्यानं आणली त्यानं उभं राहून तिचा अर्थ सांगायचा, आणि मग अध्यक्षांनी विचारायचं, "ठेवायची की परत?" ज्या बाजूला हात जास्त, ते खरं. देशात असा संग्रह दुसरा कुठे असेल तर मला कळवा. मी जाऊन पाहीन.

देव बदलायला अकोल्याला उत्तमदादा आणि मी गेलो. पेटीला दोन कड्या, म्हणून माणसं दोन. बडनेऱ्याला गाडी बदलली तेव्हा डबा गच्च भरलेला. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय हाये बापू पेटीत?" दादा तिरसट. म्हणाला, "देव हायेत." म्हाताऱ्यानं पेटीला हात जोडले, बाजूच्याला कोपरानं सरकवलं आणि आम्हा दोघांना बसायला जागा करून दिली. दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. उठावं तर पाय दुखत होते, बसावं तर तत्त्व दुखत होतं. तो बसला. मी खिडकीकडे तोंड करून अकोल्यापर्यंत हसत होते. बाहेर पराटीची शेतं पांढरी झाली होती, बाया ओळीनं वाकलेल्या, आणि प्रत्येकीच्या कमरेच्या ओट्यात कापसाचं पोट आलेलं.

अकोल्यात रज्जाकभाईंचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्नाकार्याला भोंगे भाड्यानं द्यायचे आणि जुन्या रेकॉर्डी घ्यायच्या-विकायच्या. दुकानात लाखेचा आणि रॉकेलचा वास. बारदानावर रेकॉर्डी पसरलेल्या. त्यांनी आमची पेटी उघडून पाहिली आणि डोळे मिचकावले.

"देव देके क्या लेओगे, बाप्पा?"

"मानसं द्या," दादा म्हणाला.

रज्जाकभाईंनी माणसं दिली. सनईवाला दिला, सारंगीवाला दिला, एक कव्वाल दिला, नाटकातली एक बाई दिली, आणि विनोदी संवादाची एक रेकॉर्ड वर फुकट दिली. प्रत्येक रेकॉर्ड कानाजवळ नेऊन बोटाच्या पेरानं टिचकी मारून पाहायची, तडा असेल तर आवाज बद्द येतो, हे त्यांनी मला त्या दिवशी शिकवलं. अजूनही नवीन मडकं घेताना मला रज्जाकभाई आठवतात.

त्या रेकॉर्डींचा माझ्यावर परिणाम झाला असं म्हणतात तसं काही म्हणणार नाही. मला त्या पटल्या, एवढंच. तीन-साडेतीन मिनिटांत जे सांगायचं ते सांगायचं आणि मोकळं व्हायचं. पुढे बोलायचं असेल तर उलटी करून दुसरी बाजू. पत्रकही असंच असतं. पाठपोट एक कागद. वर काय झालं, मध्ये का झालं, खाली आमच्या मागण्या. मी अशीच लिहायला शिकले आणि अशीच ऐकायलाही शिकले. गाणं सुरू झालं की मनात विचारायची, बोल, तुझी मागणी काय?

आता मुद्द्यावर येते. हे ऐकणं चालायचं बाजाराच्या दिवशी, दुपारी. त्या दिवशी वेचणी बंद असते. मंडळाची खोली एक, खिडकी एक, पत्र्याचं छप्पर. आत पुरुष. बाहेर, भिंतीच्या उन्हाच्या बाजूला, बाया. कुणी तुरीच्या शेंगा सोलायची, कुणी दुसरीच्या डोक्यातली रुई वेचायची, कुणी वाळक्या बोंडांनी ओरखडलेल्या बोटांना तेल लावायची. गाणं ऐकायला खिडकी पुरे, असं सगळे म्हणत. मला आत घेतलं होतं, कारण माझं अक्षर चांगलं आणि ठराव लिहायला कुणीतरी हवं होतं. हात वर करायला नव्हे. हातात लेखणी आहे, तो कसा वर करणार, असा विनोदही एकानं केला होता. मी त्याचं नाव लिहीत नाही. त्याला ते आठवत असेल.

बायांना हात नाहीत, असा नियम कुणी केला नव्हता. म्हणून तर तो मोडता येईना. लिहिलेला नियम खोडता येतो. न लिहिलेल्याला रबर कुठून लावणार? मी दोन वेळा विषय काढला. पहिल्यांदा संपतकाका म्हणाले, "बाया आयकतच तं हायेत. भिंत का आवाज खाते?" दुसऱ्यांदा दादा म्हणाला, "पुढच्या सालाले पाहू." समतेची गाणी आम्ही ज्या फोनोवर ऐकत होतो त्याची चावी पिळायलासुद्धा पुरुषच. वर्गणी मात्र माय देत होती, दादाच्या नावावर.

त्याच हंगामात मी बडनेऱ्याला टाइपिंग शिकायला जात होते. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये बेकरबाई म्हणून एक अँग्लोइंडियन बाई शिकवायच्या. नवरा गार्ड होता, तो वारला होता, मुलगा विलायतेत. हॉलमध्ये एकीकडे टाइपरायटर, दुसरीकडे विजेवर चालणारा मोठा रेडिओग्राम. आमची बोटं चुकली की बाई रेडिओग्रामवर पट्टी आपटत. चुका टाइपरायटरवर आणि मार रेडिओग्रामला! त्या सगळं सामान विकून मुलाकडे निघाल्या होत्या. हॉलमध्ये खोकी रचलेली, भिंतीवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. माझा शेवटचा धडा झाला तेव्हा त्या म्हणाल्या, "विमल, बैठो. ये मेरे बेटे ने भेजा. नया चीज़ है."

लाँग प्ले रेकॉर्ड मी हातात पहिल्यांदा घेतली ती तेव्हा. आमच्या रेकॉर्डी जड, टणक. पडल्या की मेल्या. ही हलकी, लवचीक, पापडासारखी. कव्हरवर ना गाणाऱ्याचा फोटो ना धड चित्र. नुसते रंग एकमेकांत कालवलेले. बाईंनी सुई ठेवली. आधी बाजाच्या पेटीसारखं पण देवळाएवढं मोठं काहीतरी गुरगुरलं. मग ढोल, मग विजेची गिटार. कुणीतरी थोडं गायलं आणि निघून गेलं. गाणं संपलं असं वाटलं तर त्याच्याच पोटातून दुसरं सुरू झालं. मध्ये फट नाही, श्वास नाही. मी थांबण्याची वाट पाहत होते. थांबल्यावर बाई काही सांगतील, मी काही विचारीन, असं गृहीत धरून बसले होते. ते थांबलंच नाही. एक अख्खी बाजू म्हणजे एकच चीज. एकदा सगळं शांत झालं आणि लांबून पाण्यासारखा गिटारीचा आवाज येत राहिला. तेव्हा बाहेर यार्डात इंजिन डबे जोडत होतं, त्याचा ठोका त्या आवाजात बरोबर बसला. बाई हसल्या. मीही हसले.

मी मनात नेहमीचा प्रश्न विचारला. बोल, मागणी काय?  ते गाणं काहीच मागत नव्हतं. मला आधी रागच आला. इथे माणसं पाण्यासाठी अर्ज करतात आणि ही गोरी पोरं अर्धा तास काहीही न मागता वाजवत बसतात! पोट भरलेल्यांचे उद्योग! पण राग होता आणि मी खुर्चीवरून उठत नव्हते, दोन्ही एकाच वेळी. जन्मल्यापासून मी काही ना काही मागत आले. वर्गात बसायची जागा मागितली, वसतिगृह मागितलं, रस्त्यावरचा दिवा मागितला. न मागता नुसतं बसून राहायला मला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या दुपारी ती एक बाजू संपेपर्यंत मी कुणाकडे काही मागितलं नाही. बरं वाटलं. उगाच का लपवू?

बाईंनी रेकॉर्ड कव्हरात घालून माझ्या हातात दिली. "तुम कागज का काम बहुत करती. कभी बैठो भी."

शटलमधून अमरावतीला येताना मी ती छातीशी धरली होती, आणि ठरवून टाकलं होतं की ही पेटीत गेलीच पाहिजे. वकिलाच्या कपाटासारखी माझ्या एकटीची राहिली तर मी कसली कार्यकर्ती?

अडचण होती. आमचा फोनो चावीचा, त्याची सुई लोखंडी. या रेकॉर्डवर ती ठेवली तर नांगरच फिरायचा. पण दैव म्हणा, योगायोग म्हणा, रज्जाकभाई एका लग्नाचे भोंगे घेऊन अमरावतीला आलेले होते. त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारा प्लेअर होता, सावकाश फिरणारा. दादानं त्यांना वस्तीत आणलं. रज्जाकभाईंनी खोलीत नजर फिरवली आणि मान हलवली. "यहाँ भोंगा लगाया तो छप्पर उड़ेंगा, और तुमारे कान भी." म्हणून भोंगा बाहेर पटांगणात बांबूला बांधला. पुरुष खोलीतून उठून पटांगणात आले. बाया जिथे बसल्या होत्या तिथेच होत्या. मध्ये भिंत उरली नाही. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. बॅटरीच्या वायरची लांबी तेवढीच होती.

ऊन कोवळं होतं. कुणीतरी हुरडा भाजत होतं, त्याचा धूर आणि जिनाची रुई एकत्र तरंगत होती. रज्जाकभाईंनी सुई ठेवली, आणि तो मोठा गुरगुराट भोंग्यातून अख्ख्या वस्तीवर पडला. कोंबड्या पळाल्या. जिनातून परतणारा एक गाडीवान बैल थांबवून पाहू लागला. तरुण पोरं मान डोलवायला लागली. विलायती माल, न आवडून कसं चालेल! म्हातारे शेवट कधी येतो म्हणून बसले होते. शेवट येईना.

"हे थांबत कावून नाही व?" शेजारच्या गयामावशींनी मला विचारलं. त्या वेचणीच्या टोळीच्या पुढारी. त्यांच्या तोंडाला शेतमालकही भीत.

"असंच असते ते, मावशी. येकच लांब."

"आमच्या वेचणीच्या वळीसारखं मंग. वावराच्या धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत." थोड्या वेळानं त्या रज्जाकभाईंवर ओरडल्या, "भाऊ, नाक पूस त्याचं! रुई अडकली!" रज्जाकभाईंनी निमूटपणे सुई साफ केली.

मी मायकडे पाहिलं. माय पदर कानावर ओढून बसली होती. कपाळावर आठी. गिटार किंचाळली की ती डोळे मिटायची. मायचा चेहरा मी तेव्हाच वाचला होता, हे इथे लिहून ठेवते.

बाजू संपली. संपतकाका उभे राहिले. "अर्थ सांग, विमल."

मी बी.ए.च्या वर्गात होते. सगळ्यांना वाटलं, ही सांगेल. गाण्यात शब्द थोडे होते आणि जे होते ते ढोलाखाली गेलेले. मी म्हणाले, "काका, मले नाही समजलं."

गलका झाला. अर्थ नाही तर ठराव कसला? काकांचं म्हणणं तेच. "समजलंच नाही ते ठेवाचं कसं?"

गयामावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आमी बोललेलं तुमाले कदी समजलं, भाऊ? तरी आमाले घरात ठेवलंच ना तुमी."

बाया खो खो हसल्या. पुरुषही हसले, जरा उशिरा. काकांनी घसा साफ केला आणि विचारलं, "ठेवायची?"

तरुण पोरांचे हात फटाफट वर गेले. गयामावशींचा गेला, आणखी दोघी-चौघींचा गेला, माझाही गेला, लेखणीसकट. काकांनी मोजले, बोट पुरुषांवरून फिरलं आणि भिंतीजवळच्या बायांवरून उडून गेलं. "परत?" म्हाताऱ्यांचे हात वर गेले. मायचा गेला. तिच्या बाजूच्या पुष्कळ बायांचे गेले. पुन्हा बोट फिरलं, पुन्हा उडालं. "ठेवायची," काका म्हणाले. "लिही, विमल."

मी लिहिलं नाही. मी उभी राहिले. "बायांचे हात मोजले नाहीत."

"अवो, लागला ना निकाल."

"अर्ध्या पटांगणाचा लागला."

दादा माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "विमे, जितून राहिलो ना आपन! तुहीच रेकॉर्ड हाये. कावून खोडा घालतं?"

खरं होतं. मी गप्प बसले असते तर रेकॉर्ड पेटीत गेली असती. दरवर्षी हंगामात भोंगा लागला असता, ती लांब बाजू वस्तीवर पसरली असती. मला ती हवी होती. इतकी हवी होती की क्षणभर मी लेखणी कागदाला टेकवलीसुद्धा. आणि मला हेही दिसत होतं की बायांचे हात मोजले तर काय होणार आहे. कानावरचा पदर मी पाहिलेला होता. पण ज्या दिवशी निकाल आपल्या बाजूचा असतो त्या दिवशी तक्रार करायची नाही, एवढंच जर मी पत्रकं लिहून शिकले असेन, तर ती पत्रकं हुरड्याच्या आगटीत टाकलेली बरी.

मी मोठ्यानं म्हणाले, "बायांनो, हात वर करा आणि खाली घेऊ नका."

हात वर गेले. ठेवा म्हणणारींचे आणि परत म्हणणारींचेही. काकांनी रज्जाकभाईंना खूण केली, "पुढची लावा." पुढची म्हणजे सनईची, आमची जुनी तबकडी, चावीच्या फोनोवर. सनई वाजत होती आणि बाया हात वर करून बसल्या होत्या. कुणी हसत नव्हतं. हातांवर रुई उतरत होती. काकांच्या घरच्या सगुणाकाकू पहिल्या रांगेत, हात सरळ, नजर नवऱ्याकडे नाही, सनईकडे. रेकॉर्ड संपली. सुई नुसतीच खरखरत राहिली.

"कवापर्यंत ठेवसान हात?" काकांनी विचारलं.

गयामावशी म्हणाल्या, "दिवसभर वाकून वेचतो आमी. वर ठेवाले काय जाते?"

"पन हे हात हायेत कोन्या बाजूचे?"

"पयले मोजा. मंग सांगतो."

काकांनी धोतराला हात पुसले, का कोण जाणे, आणि भिंतीकडे चालत गेले. त्यांनी बोटानं मोजले नाहीत. प्रत्येकीसमोर थांबले आणि विचारलं, "सांगा बाई. ठेवायची की परत?" सगुणाकाकूंसमोरही थांबले. त्यांनाही 'बाई'च म्हणाले. काकू म्हणाल्या, "परत." मग पदराआड हसल्या.

दोन हातांच्या फरकानं रेकॉर्ड परत गेली.

ठराव मी लिहिला. अक्षर थोडं वाकडं आलं. दादा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. रज्जाकभाई भोंगा उतरवताना म्हणाले, "बेटी, तुमने तो अपनाच गाना हरवा दिया." मी म्हणाले, "हो." दुसरं काय म्हणणार? त्यांनी वायर गुंडाळली आणि मला मूठभर शेंगदाणे दिले.

आता मंडळात बाया सभासद आहेत, स्वतःच्या नावावर. दोन वर्षांत पेटीत काय काय आलं! डोहाळ्यांची गाणी आली, ती मला कंटाळवाणी वाटतात. एक अतिशय रडकी विरहाची रेकॉर्ड आली, ती गयामावशींच्या टोळीनं एकमतानं ठेवली आणि माझा एकटीचा हात 'परत'ला होता. मी हरते, हे आता नेहमीचं झालं आहे. बाजाराच्या दुपारी खोलीत जागा पुरत नाही म्हणून फोनो बाहेरच असतो. उन्हात बसून, रुई झटकत, न आवडणारी रेकॉर्ड पूर्ण ऐकायची आणि मग तिच्याविरुद्ध हात वर करायचा. यात एक सुख आहे. वकीलसाहेबांना ते कळणार नाही.

ती लांब रेकॉर्ड माझ्याजवळ आहे. माय म्हणाली होती, "मंडळात नको म्हनलं मी. घरात नको म्हनलं नाही." ती तिच्या लुगड्यांच्या घड्यांत आहे, सपाट, सावलीत. वाजवायला काही नाही. कधी वाजेल, तेव्हा वाजेल.

ठरावाच्या त्या संध्याकाळी मात्र मी इतकी समजूतदार नव्हते. माय चुलीपुढे भाकर थापत होती. मी दाराशी पाय पसरून बसले होते, आणि राग धरायला माणूस शोधत होते.

"माय, तुनं माह्याविरुद्ध हात वर केला."

"तुह्याविरुद्ध नाही केला. त्या रेकॉर्डीविरुद्ध केला. कान फाटले माहे."

"थोडा दम धरला असता तं राहिली असती ना ती."

मायनं भाकर तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं, बोटं परातीच्या काठाला पुसली.

"इतक्या वर्सांत मले कोनी पयल्यांदा इचारलं, बाई, तुले काय वाटते म्हून," ती म्हणाली. "त्यातबी खोटं सांगू?"